करंजखोलचा आकडा

करंजखोलचं नाव पडद्यावर सगळ्यात वर आलं तेव्हा मला वाटलं, बोंबला, यंत्र बिघडलं.

मी वैजयंती धुरी, श्रममापन केंद्रातली पडताळणी अधिकारी. यंत्र आकडा काढतं, मी तो तपासते, आणि मी होकार दिल्याशिवाय तो मुंबईला जात नाही. तेव्हा सगळं पुन्हा तपासलं. गोणी तोलणारे काटे ठीक. माहिती पोचवणारे टॉवर ठीक. वजनं ठीक. तरीही डोंगराखालचं ते एवढंसं गाव काजू सोलण्यात राज्यात पहिलं होतं, आणि तेही थोड्याथोडक्या फरकानं नव्हे. बंदराजवळच्या, यंत्रांनी काजू सोलणाऱ्या कारखान्यालासुद्धा त्यानं मागे टाकलं होतं.

"अहो मॅडम, हे तुमच्या बहिणीचं गाव ना?" आमचे प्रमुख रणदिवे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. "मग पेढे काढा की!"

काढले. का नाही काढणार? अख्ख्या कचेरीला वाटले आणि वर चार ओळखीच्यांना फोन करून मिरवूनही घेतलं.

आता हा आकडा म्हणजे काय ते सांगते, फार अवघड नाही. एखाद्या ठिकाणी किती माल तयार झाला, त्याला माणसांचे किती तास लागले यानं भागायचं. येईल ती श्रमाची उत्पादकता. देश गरीब का राहतो याचं अर्धं उत्तर या एका भागाकारात आहे, असं अर्थशास्त्रवाले म्हणतात. माल मोजणं सोपं, तो डोळ्यांना दिसतो. घोडं अडायचं ते तासांवर. पूर्वी आमची माणसं दारोदार जाऊन विचारायची, "बाई, काम काय करता?" मांडीवर काजूचं सूप, हातात सुरी, आणि बाई म्हणायची, "काम नाही करत हो, घरीच असते." की लिहा, काम नाही. अशा कोट्यवधी बायकांचे तास कुणाच्या हिशेबातच नव्हते. भागणार कशानं, डोंबलानं?

मग श्रमकडं आलं. स्नायू आखडला की त्यातून बारीकशी वीज वाहते, ती हे कडं मनगटावरून वाचतं. जोडीला नाडीचे ठोके आणि घामातले क्षार. एवढ्यावरून त्याला कळतं, की हा हात भाकरी थापतोय, काजू फोडतोय, की नुसताच हातवारे करून भांडतोय. कुणी कुणाला काही विचारायला नको. हातातल्या कड्यावरून तास आपोआप केंद्रात जमा होतात. यंदा तर त्यात बोलायचीही सोय आली. कष्ट मर्यादेबाहेर गेले की कडं इशारा देतं आणि केंद्रात लाल दिवा लागतो. माझं कडं कधी बोललं नव्हतं. खुर्चीत बसणाऱ्या बाईला ते काय बोलणार?

पुरुषांना काळा पट्टा दिला, तो त्यांनी मुकाट्यानं बांधला. बायका ऐकेनात. पिठात बरबटतो, भांडी घासताना भिजतो, आणि सासवा म्हणायला लागल्या, हे काय कैद्यासारखं हाताला! शेवटी पुण्याच्या इंजिनिअरांनी डोकं लढवलं आणि बायकांचं कडं बांगडीसारखं केलं. हिरवं, काचेगत चमकणारं, चुड्यात घातलं तर ओळखू येऊ नये असं. गावोगाव कासार बसवून ते भरलं. बायकांनी हौसेनं हात पुढे केले. एकदा हातात चढलेली हिरवी बांगडी बाई उगाच काढत नाही, हे इंजिनिअरांना बरोब्बर ठाऊक होतं. कल्पनेला बक्षिसं मिळाली. मीही टाळ्या वाजवल्या.

आणि कुणाच्या हातात कडं नसलंच, तर काही आठवडे वाट बघून यंत्र तिला "श्रमातून बाहेर" धरायचं. आजारी असेल, म्हातारी झाली असेल, सुखानं बसून खात असेल. हा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवला होता, चहा पीत पीत.

आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, शालनताईनं. तिला करंजखोलात दिली. नवरा, सहदेव भावजी, डोंगरातल्या वाळूच्या खाणीवर होते. त्या पांढऱ्या वाळूची काच होते, काचेचे सौरपट्टे होतात. सगळ्या देशाला उन्हाची वीज हवी, म्हणून खाण अष्टौप्रहर सुरू. गावातले बहुतेक पुरुष तिथेच. भावजी मागच्या पावसाळ्यात गेले. छातीत धूळ बसली होती. मी दिवसांना गेले, ताईजवळ बसले. तिचे हात पदराखाली होते. मी काही ते पाहिले नाहीत. आपल्याकडे पाहत नाहीत.

त्यानंतर मी केंद्रातून तिच्या कड्याची रेषा बघायला लागले. नियमात बसत नाही, पण बहीण आहे माझी. रेषा सपाट. रोज सपाट. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जन्मभर राबली, आता बसू दे जरा. मी फोन करून चिडवलंसुद्धा, "काय महाराणी, आराम चाललाय ना?" तिनं फोन ठेवून दिला. पुढच्या वेळीही मी तेच म्हटलं. मग तिनं माझे फोन घेणंच बंद केलं. दुःखात आहे, सावरेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

इकडे रणदिवे साहेबांनी करंजखोलवर जाडजूड अहवाल लिहून काढला. गावाची एकी, लाल माती, बायकांचा जात्याच चपळ हात, काय काय कारणं शोधली होती त्यांनी! नाव दिलं "करंजखोल पद्धत". मुंबईला ती फार आवडली. काजू सोलणाऱ्या बाईनं तासाला किती माल काढला म्हणजे पुरी मजुरी मिळावी, हा निकष आमच्या आकड्यांवरून ठरतो. येत्या हंगामापासून तो सगळीकडे करंजखोलएवढा करायचं घाटलं. म्हणजे बाकीच्या गावांनी त्याच मजुरीसाठी दुप्पट-तिप्पट सोलायचं.

"एका गावच्या बायका करतात, मग दुसऱ्या गावच्यांना काय धाड भरलीय?" साहेब म्हणाले.

मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू. फक्त माझी पडताळणी बाकी होती. ती गावातच द्यायची असं ठरलं, सत्काराच्या दिवशी.

सत्कार देवळाच्या सभामंडपात होता. मंचावर मुंबईचे मोठे अधिकारी, रणदिवे साहेब, मी, आणि गावाला काजू पुरवणारे बांदेकर शेठ. समोर पुरुष मोजकेच, त्यातले बरेचसे म्हातारे नाहीतर पोरगेले. बायका मात्र खच्चून भरलेल्या. प्रत्येकीला देण्यासाठी तबकं मांडली होती. हळदकुंकू, नारळ, खण आणि हिरव्या बांगड्यांचा नवा चुडा. ही कल्पना मुंबईची. श्रमाचा सन्मान आपल्या संस्कृतीप्रमाणे व्हावा, म्हणे.

शेठनी पुकारा केला, "राज्यात पहिल्या आलेल्या आपल्या माताभगिनींनी मंचावर यावं!"

कुणी हललं नाही.

शेठनी हसून पुन्हा पुकारलं. तेव्हा कोपऱ्यातून तीन-चार नव्या सुना एकमेकींना ढकलत, लाजत वर आल्या. बाकीचा मंडप जागच्या जागी. मोठे अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. माझं तर डोकंच फिरलं. माणसं एवढ्या लांबून येतात आणि यांचे हे नखरे! मागच्या खांबाशी ताई बसली होती. मी तरातरा खाली उतरले.

"ताई, ऊठ की! काय तमाशा लावलाय हा? चल, हात पुढे कर."

तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत. "खंयचो हात पुढे करू गो?" ती म्हणाली.

मी तिचा हात धरून ओढला. पदर सरकला. मनगट उघडं होतं. हिरवी बांगडी नाही, कडं नाही, साधा दोरासुद्धा नाही. आणि मनगटाच्या खाली बोटं काळीठिक्कर पडलेली, काजूच्या टरफलातल्या तेलानं भाजून सालपटं निघालेली. तेल ताजं होतं. माझ्या हाताला लागलं आणि चरचरलं.

मी शेजारच्या बाईकडे बघितलं. तिनं हात पाठीमागे घेतले. तिच्या पलीकडचीनं पदराखाली. ओळीच्या ओळी हात लपवत गेल्या, आणि लपवण्याआधी मला प्रत्येकीची बोटं दिसली, काळी, भाजलेली. उघडी मनगटं दिसली. मी खांब धरला.

अहो, नवरा गेला की बाईच्या हातातला चुडा उतरवतात! हे काय मला ठाऊक नव्हतं? या प्रथा बंद म्हणून करंजखोलच्या ग्रामसभेनं ठरावसुद्धा केलेला आहे. पण दहाव्याला नदीवर बाईला घेऊन जाणाऱ्या बायका ठराव वाचून जात नाहीत. चुड्याबरोबर आमचं कडंही उतरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून जी बाई एकटीच्या हातावर घर ओढायला दुप्पट राबायला लागली, ती आमच्या लेखी श्रमातून बाहेर! माल तिचा, तोलला जायचा. तास तिचे, शून्य. त्या तीन-चार सुनांच्या तासांनी अख्ख्या गावाच्या मालाला आम्ही भागत होतो. आकडा आभाळाला टेकणार नाही तर काय होणार?

केंद्रात आम्ही सगळे इथलेच, याच मातीतले. पण एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुण्याच्या इंजिनिअरांच्याही नाही.

सत्कार कसाबसा उरकला. चुडे परत गाडीत गेले. देवळामागच्या चाफ्याखाली मी रणदिवे साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते पारावर मटकन बसले.

"एवढ्या?" ते म्हणाले. "एवढ्या विधवा एका गावात?"

"खाण आहे ना साहेब, वरती."

मग मला एकदम शंका आली, आणि मी मोबाइलवर राज्याचा नकाशा उघडला. त्यात अव्वल ठिकाणं आम्ही हिरव्या ठिपक्यांनी दाखवतो. एक ठिपका दगड फोडणाऱ्या खडी मशिनांजवळ. एक रसायनांच्या कारखान्यामागच्या वस्तीवर. एक किनाऱ्यावर, जिथल्या होड्या वादळात परत आल्या नव्हत्या. आम्ही दर तिमाहीला याच ठिपक्यांचं कौतुक करत होतो. मी मोबाइल साहेबांपुढे धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा," एवढंच म्हणाले.

साहेब माणूस वाईट नाही. पण ते सावरले, आणि सावरल्यावर त्यांचं कचेरीतलं डोकं चालायला लागलं.

"मॅडम, शांतपणे ऐका. समजा, आपण खरे तास धरले. भाजलेल्या हातांनी, दिवसभर, घरात बसून सोलणाऱ्या या बाया. आकडा किती येईल?"

मी मनातल्या मनात भागाकार केला. "तळाला."

"तळाच्या गावांचं काम कुठे जातं?"

ते मी सांगायची गरज नव्हती. ते बंदराजवळच्या यंत्रांच्या कारखान्यात जातं. तोही नियम आमचाच.

"म्हणजे पहिलं काम तुमच्या बहिणीचं जाणार. आकडा आहे तसा जाऊ द्या. निकष वाढेल, बाकीची गावं ओरडतील, पण करंजखोलला काम राहील. संध्याकाळपर्यंत कळवा." ते उठले, जरा घुटमळले. "मला काहीच माहीत नाही असं समजतो मी."

मी ताईच्या घरी गेले. पडवीत ती समोर पाट मांडून बसली होती. पुढ्यात काजूचा ढीग. संध्याकाळी टेम्पो येतो, त्याच्या आत गोण भरायची. सत्काराला गेला तेवढा वेळ मोडला होता, म्हणून हात झपाझप चालले होते. मध्येच खोकत होती. मी समोर बसले.

"कित्या इलंस?" ती म्हणाली. मान वर केली नाही.

"ताई, मला खरंच वाटलं होतं, तू आरामात आहेस. यंत्रावर तुझी रेषा..."

"महाराणी म्हणालंस माका." आता तिनं वर बघितलं. "तुझ्या भावजींका जाऊन म्हयनो होऊक नव्हतो. माका वाटला, बहीण टोमणो मारता. रडान रडान जीव गेलो माझो. ह्ये बघ महाराणीचे हात."

मला हुंदका आवरेना. ती मात्र रडली नाही, काजू फोडत राहिली. मग मी साहेबांचं सगळं तिच्यापुढे ठेवलं. आकडा तसाच जाऊ दिला तर काय, खरं कळवलं तर काय. आणि विचारलं, "तू सांग, काय करू?"

तिनं हातातली सुरी आपटली. "आता इचारतंस? आजपर्यंत माका कोणी काय इचारूक नाय. चुडो उतरताना इचारूक नाय, सत्कार करताना इचारूक नाय. आणि आता काम ठेवू काय घालवू, ता मी सांगू? तुझी कचेरी, तुझो आकडो. तूच काय ता बघ."

बरोबर होतं तिचं. मी उठून निघाले, पायरीवर थांबले, परत आले. आणि हातातलं कडं काढायला लागले.

ताई किंचाळली. "अगो, काढू नको! येडी झालंस? तुझो घोव जिवंत आसा!"

"ही बांगडी नाही, ताई. यंत्र आहे."

"यंत्र? मगे ता हिरवा कित्या केल्यात तुमी?"

मी कडं काढलं, तिचा हात धरला आणि तिच्या मनगटावर चढवलं. ती हात ओढत होती, "माका नको, लोक काय म्हणतले," म्हणत होती. मी सोडलं नाही. शेवटी टेम्पोची वेळ होत आली तशी तिनं नाद सोडला, कडं पदरानं झाकलं आणि रागारागानं काजू फोडायला लागली. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला आणि दुसरी सुरी घेऊन बसले. चार काजूंत माझी बोटं पेटली. तिचा ढीग सरसर उतरत होता. खोकला आला की ती खोकायची, पण हात थांबत नव्हते.

थोड्या वेळानं पदराखालून आवाज आला. गोड, मंजूळ, शहरी आवाज.

"आपले श्रम मर्यादेबाहेर गेले आहेत. कृपया विश्रांती घ्या."

ताई दचकून इकडेतिकडे बघायला लागली. तेवढ्यात माझा फोन वाजला. रणदिवे साहेब होते, धापा टाकत बोलत होते.

"मॅडम, कुठे आहात? तुमच्या कड्याचा लाल इशारा आलाय केंद्रात! नाडी काय, स्नायू काय... तब्येत बरी आहे ना? जे काय करताय ते आधी थांबवा. मी गाडी पाठवू का? डॉक्टरांना..."

"साहेब," मी म्हटलं, "ते हात माझे नाहीत. माझ्या बहिणीचे आहेत. ती मागच्या पावसाळ्यापासून रोज असंच काम करतेय, आणि आजपर्यंत केंद्रात एकही दिवा लागला नाही. करंजखोलचा आकडा खोटा आहे. मी होकार देत नाही. त्या बाकीच्या ठिपक्यांचाही देत नाही. आणि हे कारणासकट मुंबईला कळवणार आहे."

"काम जाईल तिचं," साहेब हळूच म्हणाले.

"माहीत आहे. त्यासाठी उद्यापासून तुमच्याशी भांडणार आहे. गाडी मात्र पाठवा, डॉक्टरसकट. छाती तपासायचीय तिची."

साहेब म्हणाले, "पाठवतो."

मी फोन ठेवला. कडं बोलतच होतं. "कृपया विश्रांती घ्या. कृपया विश्रांती घ्या." ताईनं पदर बाजूला केला, मनगट कानाशी नेलं, ऐकलं. मग मागे वळून दाराकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. कुणी नव्हतं.

"कोणाक सांगता ता?" तिनं विचारलं.

"तुका, ताई," मी म्हटलं. "तुका सांगता."

तिनं हातातला काजू पाटावर ठेवला.